बाईंचा तिसरा गोळा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेचे संचालक साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण दुपारच्या जेवणानंतरची डुलकी मोडून इथं जमलो त्या आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

माझ्या आधी चार जण बोलले. चौघंही चांगलं बोलले आणि चौघांनीही ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द वापरला. मी मोजत होतो. जन्म मोजण्यात गेला, आता खोड कशी जाणार? तेव्हा तो शब्द काही माझ्या वाट्याला उरलेला नाही. शिवाय मी बोलणारा माणूस नव्हे. आमच्या खोलीत कानाला टोप्या लावून काम चालतं, तिथं भाषण करणार कुणापुढं? त्यामुळं जरा अडखळलो तर सांभाळून घ्या.

पाहुणे बाहेरचे आहेत, म्हणून दोन शब्द आमच्या कामाबद्दल. गोळी अडवणारी जाकिटं, ढाली, काचा, दारं असं जे काही लोक बनवतात, ते खरोखर गोळी अडवतं का, हे आम्ही इथं गोळी झाडून पाहतो. मला सगळे ‘नेमबाज’ म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. बंदूक लोखंडी चौकटीत आवळलेली असते, मी भिंतीच्या अलीकडे उभा राहून दोरी ओढतो. नेम चौकटीचा, नाव माझं. गेली बत्तीस वर्षं हे असंच फुकटचं नाव मिरवतोय.

आणि जाकिटाच्या मागं काय असतं? माणूस तर उभा करता येत नाही. हसू नका, एक कारखानदार खरंच म्हणाला होता, की मीच घालून उभा राहतो, मला माझ्या मालाबद्दल आत्मविश्वास आहे. बाई म्हणाल्या, “आत्मविश्वास तुमच्याकडंच ठेवा, जाकीट तेवढं इकडं द्या.”

तर मागं असते माती. तेल कालवलेली, घट्ट, पेटीत ठासून भरलेली. गोळी जाकिटानं अडवली म्हणजे संपलं, असं लोकांना वाटतं. अहो, गोळी अडली तरी तिचा धक्का कुठं जाणार? तो आत जातो. मातीत खळगा पडतो. तो चव्वेचाळीस मिलिमीटरच्या वर गेला की जाकीट नापास, मग गोळीनं कापडाचा शेवटचा थर फाडलेला नसला तरी. कारण आज मातीत पडलेला खळगा उद्या कुणाच्या तरी छातीत पडायचा असतो.

आता यातली मेख अशी, की ही माती उबदार लागते. ओव्हनमधून काढली की तासाभराच्या आत काम उरकायचं. थंड झाली की ती कडक होते, कडक मातीत खळगा उथळ पडतो, आणि नापास व्हायचं जाकीट बिनबोभाट पास होऊन जातं. म्हणून झाडण्याआधी एक किलोभर वजनाचा पोलादी गोळा ठरलेल्या उंचीवरून मातीवर टाकायचा आणि तो किती रुतला ते मोजायचं. एकोणीस मिलिमीटरच्या आसपास आला तर माती ठीक. वेळ गेला, की पुन्हा टाकायचा. ही माती चौतीस वर्षं ज्यांनी सांभाळली, त्या आमच्या बाई.

बाईंच्या दोन गोष्टी इथं सगळ्यांना ठाऊक आहेत. एक म्हणजे, नवीन माणूस कामावर आला की त्याला पहिल्या दिवशी जाकीट घालून बसवायचं. सकाळी घालायचं ते संध्याकाळी काढायचं. जेवतानासुद्धा काढायचं नाही. मीही बसलो होतो. संध्याकाळी बाईंनी विचारलं, “काय वाटलं?” मी म्हणालो, “जड आहे हो, आणि घामानं जीव गेला.” त्या म्हणाल्या, “हे सगळं सोसून जो ते घालतो, त्याला बिचाऱ्याला एवढंच हवं असतं की आपण खरं मोजलेलं असावं.” कुठल्या नियमावलीत हे लिहिलेलं नाही. पण इथला एकही माणूस त्यातून सुटलेला नाही. संचालक साहेब, तुम्हीही नाही. पाहुण्यांना सांगतो, साहेबांच्या मापाचं जाकीट शोधायला आम्हाला दुपार झाली होती.

आणि दुसरी गोष्ट, तिसरा गोळा. नियम म्हणतो एकदा टाका. बाई तीनदा टाकतात. पावणेदोनशे पेट्या असल्या तरी तीनदा. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात आपल्या पोरांनी याची नक्कल केली, बाईंची साडी, बाईंचा चष्मा, आणि गोळ्याऐवजी चेंडू. बाईसुद्धा पोट धरून हसल्या. कुणीतरी त्यांना विचारलं, “बाई, पहिला नियमासाठी, दुसरा खात्रीसाठी, तिसरा कशासाठी?” त्या म्हणाल्या, “तिसरा त्याच्यासाठी. घालणाऱ्यासाठी.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, घालणारा म्हणजे कुणीही, सर्वसाधारण माणूस.

तो कुणीही नव्हे. तो एकच माणूस आहे, आणि बाईंशिवाय ते इथं फक्त मला माहीत आहे. त्या दिवशी तुमच्याबरोबर मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

थोडं पाणी मिळेल का? धन्यवाद.

संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मला थोडी जास्त लागतील. अध्यक्ष महोदय, तुमची परवानगी आहे असं मी धरून चालतो, कारण मध्येच थांबलो तर पुन्हा सुरू करायचं बळ माझ्यात नाही.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्याची जाकिटं चाचणीला आली होती. सकाळी दहाला बाईंनी पेटी बाहेर काढली, गोळा टाकला. एकोणीस पूर्णांक तीन. वहीत मांडलं आणि पानाखाली सही केली. खरं तर सही शेवटी करायची असते. पण इतकी वर्षं एकत्र काम केलेलं, एकमेकांवर विश्वास. त्या सकाळीच सही करून ठेवायच्या, मीही करायचो. तेवढाच वेळ वाचतो, असं आम्हाला वाटायचं.

जाकीट बांधलं आणि गोळीचा वेग मोजणारं यंत्र बिघडलं. तारा पाहिल्या, दिवे पाहिले, काही केल्या आकडा दाखवेना. तास गेला, वर आणखी अर्धा तास गेला. तेवढ्यात बाईंना कार्यालयात फोन आला. त्या परत आल्या त्या पर्स खांद्याला लावूनच. दारातून म्हणाल्या, “अहो नेमबाज, ह्यांना दवाखान्यात नेलंय. मी निघते. माती थंड झालीय हं, पेटी परत ओव्हनमध्ये ठेवा. पुन्हा गोळा टाकल्याशिवाय दोरीला हात लावू नका.” मी म्हणालो, “तुम्ही जा हो बाई, इथली काळजी करू नका.”

हे वाक्य मी इतक्या वेळा आठवलंय, की आता ते मीच बोललो होतो का, असं कधीकधी वाटतं.

त्या गेल्या आणि दहा मिनिटांत यंत्र सुरू झालं. आकडा कसा लख्ख दिसायला लागला. माझ्या मनात आलं, आता पेटी काढायची, तापवायची, म्हणजे दुपार होणार, आणि तोवर हे पुन्हा रुसलं तर? आत्ता ताळ्यावर आलंय तर उरकून घ्यावं. यात कुणाचा दबाव नव्हता. कुणी मला काही देऊ केलं नव्हतं. घाईसुद्धा खरी नव्हती. नुसता कंटाळा होता.

गोळा टाकून पाहिला का? नाही. टाकला असता तर आकडा दिसला असता, आणि आकडा दिसला असता तर थांबावं लागलं असतं.

दोरी ओढली. सहा वेळा. सर्वांत खोल खळगा भरला एकेचाळीस. पास. मग वहीत दुसऱ्या वेळच्या गोळ्याचा रकाना रिकामा दिसला. तिथं मी एकोणीस पूर्णांक तीन लिहिलं. दुसरा आकडा सुचवायचीही तसदी घेतली नाही. खाली बाईंची सही होतीच.

तिसऱ्या दिवशी बाईंचे यजमान गेले. बेटा, तू तेव्हा शाळेत होतीस. आम्ही सगळे तुमच्या घरी येऊन गेलो होतो. तू दारात उभी राहून सगळ्यांना पाणी देत होतीस. मीही तुझ्या हातचं पाणी प्यालो.

महिन्याभरानं बाई कामावर आल्या. चेहऱ्याची रया गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी वही उघडली आणि ते पान पाहून थांबल्या. दोन्ही रकान्यांत तोच आकडा, दशांशापर्यंत तोच. असं कधी होत नाही, त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं, “नेमबाज, हे मी लिहिलं?”

तेव्हा मला खरं बोलता आलं असतं. अहवाल गेला होता, पण माल अजून वाटला गेला नव्हता. एका वाक्यानं सगळं सावरलं असतं. आणि मी म्हणालो, “तुम्हीच तर लिहून गेलात की बाई. तुम्हाला त्या दिवशी भान कुठं होतं?”

त्यांनी वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, “असेल बाई. मला काहीच आठवत नाही त्या दिवसाचं.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं नव्हतं ते. महिनाभर मी ते वाक्य तयार ठेवलं होतं. ज्या बाईचा संसार नुकताच मोडला होता, तिच्या त्या बधिरपणाचा मी आडोसा केला. मातीत केली ती चूक होती, मंडळी. ही चूक नव्हती.

आठ महिन्यांनी त्यातलं एक जाकीट परत आलं. बँकेच्या गाडीवर पहारा देणाऱ्या एका जवानाचं. गोळी आरपार गेली नव्हती, थरांत अडकून बसली होती. जाकिटानं गोळी अडवली, आणि माणूस दोन दिवसांनी दवाखान्यात आतल्या मारानं गेला. चौकशी बसली. त्याच मालातली उरलेली जाकिटं पुन्हा मातीवर लावली, या वेळी उबदार मातीवर. अठ्ठेचाळीस. सगळा माल परत मागवला गेला. म्हणजे जे आम्ही तेव्हा करायला हवं होतं, ते नंतर केलं.

तो जवान एरवी वाचला असता का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ते आधी कळावं म्हणून तर आपण पगार घेतो.

चौकशीच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. वही समोर आली. कुणी काही विचारायच्या आत बाई उठल्या. “नोंद माझी आहे, सही माझी आहे. त्या दिवशी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. नेमबाजांचा यात दोष नाही, त्यांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला.” मला वाचवलं त्यांनी, साहेब. आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मी मान खाली घालून बसलो होतो. समितीतले एक जण मला बाहेर म्हणाले, सहकाऱ्याबद्दल इतकं वाईट वाटणारा माणूस विरळा.

बाईंच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडला. बढती थांबली ती थांबलीच. संचालक साहेब, तुम्ही त्यानंतर आलात. तुम्ही दोनदा मला विचारलंत, इतकी चोख बाई याच जागेवर कशी राहिली? मी दोनदा म्हणालो, नशीब एकेकाचं.

आणखी एक सांगायचं आहे, मग थांबतो.

चौकशीनंतर त्या जवानाचे वडील इथं आले. म्हातारा माणूस, शिंपीकाम करणारा. त्यांना जाकीट पाहायचं होतं. बाईंनी ते टेबलावर मांडलं. त्यांनी शिंप्याच्या हातानं आधी शिवण पाहिली, उलटून आतलं अस्तर पाहिलं, मग आत हात घालून ती जागा चाचपली. म्हणाले, “आत तर काहीच आलेलं नाही. मग?” बाईंनी त्यांना मातीचा खळगा दाखवला. धक्का कसा जातो ते समजावलं. आणि म्हणाल्या, “काका, माझी चूक झाली. माती थंड होती आणि मी ती ठीक आहे असं लिहिलं.”

मी दारात उभा होतो. हातात चहाचा कप होता.

म्हातारबाबांनी जाकीट पुन्हा सुलटं केलं. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. इतकंच म्हणाले, “मी त्याला रोज बजावायचो, कंटाळा करू नको, घालून जा. घातलं होतं हो त्यानं.”

त्या दिवसापासून बाई गोळा तीनदा टाकतात. आणि वर्षातून एकदा त्या शिंपीकाकांकडं जायच्या, कुणाला न सांगता. जाताना मला विचारायच्या, “येता का?” मला दर वर्षी काहीतरी काम निघायचं. दोन वर्षांपूर्वी काका गेले. आपल्या पोराच्या छातीवरचा आकडा या बाईनं खोटा लिहिला असं समजूनच गेले, आणि तरी शेवटपर्यंत तिला घरात घेत राहिले. त्यांना आता काही सांगता येणार नाही. ती वेळ मी घालवली.

खाई त्याला खवखवे म्हणतात. पण खरं सांगू? माणसाला खवखवण्याचीसुद्धा सवय होते. मी जेवत होतो, झोपत होतो, स्नेहसंमेलनात टाळ्या वाजवत होतो. पुढच्या वर्षी माझाही असाच समारंभ झाला असता आणि तुमच्यातल्या चौघांनी मला कर्तव्यदक्ष म्हटलं असतं.

मग गेल्या आठवड्यात बाईंनी कपाट रिकामं केलं. चाव्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, “नेमबाज, माती आता नव्या मुलीकडं जाईल. पण तुम्ही अजून वर्षभर आहात. तिच्यावर लक्ष ठेवा. माझ्या हातून एकदा झालं, तसं तिच्या हातून होऊ देऊ नका. पोर हुशार आहे, पण घरात काही झालं तर माणूस विसरतो हो.”

अकरा वर्षांनी, जाता जाता, ज्याच्या हातून झालं त्यालाच त्या लक्ष ठेवायला सांगत होत्या.

अध्यक्ष महोदय, आज सकाळी मी तुमच्या टेबलावर एक बंद पाकीट ठेवलं. तुम्हाला वाटलं माझा रजेचा अर्ज आहे, तुम्ही म्हणालात समारंभानंतर बघू. त्यात हे सगळं तारीखवार लिहिलेलं आहे, वहीच्या पानाची प्रत जोडलेली आहे. जे काही व्हायचं ते माझं होऊ द्या. फक्त बाईंच्या पुस्तकातला तो शेरा त्यांच्या निवृत्तीच्या आधी निघायला हवा, आणि निवृत्ती आज संध्याकाळी साडेपाचला आहे. म्हणून वेळकाळ न बघता इथं बोललो. बंद खोलीत बोललो असतो, तर शेरा गुपचूप निघाला असता. पडला होता तो सगळ्यांसमक्ष.

बाई, बसून राहा. उठू नका. माझं होतच आलंय.

टेबलावर त्या कापडाखाली तुमच्यासाठी सहकाऱ्यांची भेट आहे. तुमचा जुना पोलादी गोळा, लाकडी बैठकीवर बसवलेला. गंमत म्हणून ठरवलं होतं मुलांनी. सर्वांत जुना सहकारी म्हणून तो माझ्या हातून द्यायचा असं ठरलं आहे. मी देणार नाही. नव्या मुलीनं द्यावा. तिनं त्याला कधी फसवलेलं नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी परक्या घरची धुणी ऐकून घेतली, संयोजकांनी पाच मिनिटांची पंधरा होऊ दिली, या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. भाषणाच्या शेवटी वक्त्यानं काही उणंअधिक बोललं गेलं असेल तर पदरात घ्या म्हणायचं असतं. सभागृहाला मी तेवढं म्हणतो. तुमच्या आनंदाच्या कार्यक्रमावर पाणी फिरवलं, त्याबद्दल माफ करा.

बाईंकडं मी माफी मागत नाही. ती आधी शिंपीकाकांकडं मागायची होती, आणि माझ्या वाटची तीही तुम्हीच मागून आलात. तुम्हाला फक्त एक सांगायचं आहे, ते तुमचं तुम्हाला परत देतो. बाई, तुमचे यजमान दवाखान्यात होते, तुमचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि तरी दारात उभं राहून तुम्ही मला माती थंड झालीय म्हणून सांगितलंत.

तुम्ही विसरला नव्हतात.